योगिनीची हरकत

योगिनीने हरकत पाठवली आणि भिंतीपलीकडे ऋषिकेशचा फोन वाजला.

पुढच्या खोलीतून बराच वेळ काही आवाज आला नाही, म्हणजे तो वाचत होता. वाचायला फार नव्हतंही. इंग्रजीतली चार वाक्यं होती. कोडच्या या बदलात संदेशाची लांबी तपासणाऱ्या दोन ओळी दोन ठिकाणांहून गेलेल्या दिसतात. त्या का काढल्या ते कळत नाही. संदेश तुकड्यांत आला तर काय होईल, याची चाचणी जोडलेली नाही. तोवर मला मंजुरी देता येणार नाही. खाली तिचं नाव होतं, आणि वर, बदल करणाऱ्याच्या जागी, तिच्या नवऱ्याचं.

मग खुर्ची सरकली आणि तो दारात येऊन उभा राहिला. चिडला की ऋषिकेशचा आवाज चढत नसे, उलट खाली जाई.

"तोंडानं सांगता नाई आलं तुले?"

"तू बदल सगळ्यायसमोर टाकला," योगिनी म्हणाली. "मी उत्तर तिथंच देल्लं."

"तिथं माहा साहेब वाचते."

"वाचू दे."

तो चौकटीला टेकला. "मजा आली ना तुले लिहून?"

तिने स्क्रीनकडे तोंड फिरवलं. कारण थोडी आली होती.

कोरोनाच्या वर्षी दोघं पुण्याहून ऋषिकेशच्या गावी, अनसिंगला आले, ते इथेच राहिले. त्याच वर्षी योगिनीची कंपनी बंद पडली. ऋषिकेशची चालू राहिली. तो पुढच्या खोलीत दार लावून मीटिंगा करायचा आणि ती, अमरावतीच्या कॉलेजात त्याच्याच वर्गात शिकलेली, बाहेर वाळत घातलेल्या तुरीवरून कोंबड्या हाकलायची. रिकामं बसवेना म्हणून तिने एका नेटवर्कच्या लायब्ररीत लक्ष घालायला सुरुवात केली. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. दोन यंत्रं तारेतून किंवा हवेतून एकमेकांशी बोलतात, ते बोलणं सांभाळणारा सी भाषेतला तयार कोड. कोणीही फुकट घ्यावा आणि आपल्या यंत्रात बसवावा. फिनलंडमधल्या एरकी नावाच्या गृहस्थाने तो सुरू केला होता आणि जगभरातली माणसं तो सांभाळत होती. सासूबाई चतुराबाई पाहुण्यांना सांगायच्या की सून घरबसल्या लायब्ररी चालवते, आणि पाहुणे घरात पुस्तकं शोधायचे.

आधी तिने त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या. मग बारीकसारीक दोष. मग एरकी दुसऱ्यांनी केलेले बदल तिच्याकडे पाहायला पाठवू लागला. बाहेरून आलेला संदेश उलगडणारी जी फाइल होती, ती शेवटी त्याने तिच्याच हवाली केली. तिचा होकार आणि आणखी एकाचा होकार असल्याशिवाय त्या फाइलीत एक स्वल्पविरामही बदलत नसे. त्याचं मानधन मिळे, ते ऋषिकेशच्या पगारापुढे चहापाण्याइतकं. पण फाइल तिची होती.

ऋषिकेशची कंपनी शेतातले पंप मोबाईलवरून चालू-बंद करायची यंत्रं बनवी. त्यांत हीच लायब्ररी बसवलेली होती. ती जास्त वेगाने चालावी म्हणून ऋषिकेश कित्येक महिने खपत होता. हा बदल मूळ लायब्ररीत स्वीकारला गेला तर नवी टीम त्याच्या हाताखाली येईल, असं त्याच्या साहेबांनी, विकाससरांनी, त्याला सांगून ठेवलं होतं. बदल आला त्याच दिवशी योगिनीने एरकीला कळवलं की हा माझा नवरा आहे, दुसऱ्या कोणाला पाहू द्या. एरकीचं उत्तर आलं की त्या फाइलीची तुझ्याइतकी माहिती कोणाला नाही, तू पाहा आणि मीही पाहतो. त्याने पाहिलं आणि होकार दिला. आता फक्त तिचा राहिला होता.

दारातल्या त्या बोलण्यानंतर त्याच सकाळी ऋषिकेश स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला. त्याने स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं की दोनपैकी एक तपासणी काढलेली नाही, वरच्या फंक्शनमध्ये हलवली आहे, आणि दुसरीचं कामही तीच करते. योगिनीने पुन्हा वाचलं. त्याचं खरं होतं. तिच्या नजरेतून ते सुटलं होतं. तिने तिथल्या तिथे सगळ्यांसमोर लिहिलं की माझी पहिली हरकत चुकीची होती, मी ती मागे घेते.

"झालं ना मंग?" तो म्हणाला. "मंजुरीचं बटन दाब आता."

"दुसरी राह्यली. संदेश तुकड्यात आला तर?"

"आमचे संदेश लहान असतात. तुकड्यात येतच नाई."

"तुमचे नाई येत. ही लायब्ररी तुमच्या एकट्याची हाय का?"

तिने कुठे काय बिघडेल ते दाखवायचा प्रयत्न केला, पण तिलाही ते नक्की पकडता येत नव्हतं. काहीतरी खुपत होतं, एवढंच. ऋषिकेश म्हणाला की सोमवारी सरांना दाखवायचं आहे. आत्ता मंजूर कर, काही निघालं तर नंतर मी दुरुस्त करतो.

"नंतर कोनी करत नाई, ऋषी. तू नाई अन् मीही नाई."

तो उठून गेला.

दुपारी जेवताना चतुराबाईंनी विषय काढला. लेकाचा चेहरा पाहून त्यांनी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं होतं. भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "घरातल्या घरात नवऱ्याचं काम अडवनारी बाई मी तं नाई पाह्यली बाप्पा कोठी."

"ह्यायचं काम नाई अडवलं आई, चूक अडवली," योगिनी म्हणाली. बोलून झाल्यावर ते तिलाच पोकळ वाटलं, कारण चूक अजून सापडलीच नव्हती. चतुराबाईंनी तिच्या ताटात भाकरी टाकली आणि त्या दिवसापासून गरजेपुरतं बोलणं सुरू केलं.

सासरे जगदेव जेवून उठले. चार वाजता ते अंगणात फवारणीच्या पंपाचं नोझल साफ करत बसले होते, तेव्हा त्यांनी तिला हाक मारून विचारलं की भांडण नेमकं कशाचं आहे. योगिनी पायरीवर बसली. बाहेरून येणारा संदेश सुरुवातीलाच आपली लांबी सांगतो, ती म्हणाली. समजा, एखाद्याने पोतं आणलं आणि सांगितलं की यात क्विंटलभर तूर आहे, मला तेवढीच परत द्या. आधी आपण पोतं मोजून पाहत होतो. आता मोजायचं एकाच दाराशी ठेवलं, आणि कोणी तिथून न मोजता निसटेल अशी मला शंका आहे. कोणी अर्धं रिकामं पोतं आणून क्विंटल सांगितलं, तर उरलेली तूर शेजाऱ्याच्या ढिगातून भरून त्याला दिली जाईल, अन् शेजाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

जगदेवांना समजलं. ते बाजारात चांगले मुरलेले होते. नोझल फुंकून त्यांनी उजेडात धरलं.

"तुहं म्हननं मले पटते," ते म्हणाले. "पन आडवा होनारा दुसरा कोनी भेटंल. त्या फिनलंडवाल्याले पाहू दे. तूच काहून?"

"त्यायनं पाह्यलं बाबा. त्यायले नाई दिसलं."

"तुले तरी कोठी दिसलं?"

"नाई दिसलं अजून. म्हनूनच हो म्हनत नाई."

"पोराची बढती हाय यात."

"मालूम हाय मले."

जगदेवांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती. ते म्हणाले की तुझं तू जाण, पण घरात दोन तोंडं झाली की गावाला करमणूक होते.

दुसऱ्या दिवशी विकाससरांचा फोन ऋषिकेशच्या फोनवर आला. त्यांना योगिनीशीच बोलायचं होतं. ऋषिकेशने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहिला. चतुराबाई तांदूळ निवडत आतल्या दाराशी बसल्या होत्या.

"वहिनी, कशा आहात?" सर म्हणाले.

"बरी आहे. या कामात मला वहिनी म्हणू नका, सर. योगिनी म्हणा."

ते हसले. मग त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं की असे कडक डोळे कंपनीलाही हवे आहेत, घरून काम करता येईल अशी एक जागा निघते आहे, हे एवढं एक मार्गी लागलं की बोलूच. योगिनीने विचारलं की त्या जागेचा आणि या मंजुरीचा काय संबंध. तसा काही नाही, ते म्हणाले.

"मग जागेचं नंतर बोलू," योगिनी म्हणाली. "तुम्हाला घाई असेल तर लायब्ररीची आपली वेगळी प्रत काढा आणि हा बदल त्यात घाला. ती फुकट आहे, तुम्हाला कोणी अडवणार नाही. पण मूळ लायब्ररीत तो माझ्या हाताने जाणार नाही."

सरांचा आवाज थोडा बदलला. ते म्हणाले की वेगळी प्रत सांभाळणं महाग पडतं, आणि खरं तर प्रकल्पवाल्यांना हे कळायला हवं की नवरा-बायकोच्या रुसव्याफुगव्यांत एक चांगला बदल अडकून पडलाय.

"कळवा," ती म्हणाली.

फोन बंद झाल्यावर ऋषिकेश खिडकीकडे तोंड करूनच उभा राहिला. एवढं तोडून बोलायची गरज नव्हती, असं तो म्हणाला. रुसव्याफुगव्याचं त्याला आवडलं नव्हतं, हे मात्र तिला त्याच्या पाठीवरून दिसलं. 

सरांनी खरंच कळवलं. एरकीचं पत्र आलं, सभ्य आणि अवघडलेलं. हा घरगुती प्रश्न आहे का, असं विचारणं मला भाग आहे, असेल तर तू बाजूला हो, त्यात कमीपणा नाही, अशा अर्थाचं. योगिनीने ते दोनदा वाचलं. मग लिहिलं की हो, तो माझा नवरा आहे, आणि तुकड्यात आलेल्या संदेशाची चाचणी अजून झालेली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिलीमुळे दुसरी खोटी होत नाही. मी बाजूला होणार नाही. चाचणी मीच लिहिते, मला आठवडाभर द्या.

एरकीने आठवडा दिला. पण घरात ते होईना. चतुराबाईंचा अबोला, पलीकडच्या खोलीत ऋषिकेशचं कामापुरतं बोलणं, आणि समाचाराला म्हणून येऊन बसणाऱ्या बायका. तिने लॅपटॉप आणि दोन ड्रेस पिशवीत भरले आणि सासूबाईंना सांगितलं की कारंज्याला आईकडे जाऊन काम करते, संपलं की येते. वाशीम, मग शेलूबाजारला गाडी बदलून ती कारंज्याला उतरली, तोवर अनसिंगमध्ये झालं होतं की जगदेवची सून रुसून माहेरी गेली.

आई ललिताबाईंचाही तोच समज झाला. त्यांनी तिला पाणी दिलं, जेवू घातलं आणि मग जावयाने हात उचलला का, असं विचारलं.

"नाई वं आई. त्याचा कोड तपासायचा हाय."

"ते तिकडंच काहून नाई तपासला?" ललिताबाई म्हणाल्या. योगिनीला सांगता येईना. आईने वरची खोली झाडून दिली आणि खाली येणाऱ्याजाणाऱ्याला पोरगी परीक्षेच्या अभ्यासाला आली आहे, असं सांगायला सुरुवात केली.

वरच्या खोलीत योगिनीने दोन छोटे प्रोग्रॅम लिहिले. एक सरळमार्गी होता. तो लायब्ररीशी जोडला जाऊन नीट संदेश पाठवी आणि त्या संदेशात तिने आईचा फोन नंबर घातला होता. दुसरा खोटारडा होता. तो लहानसा संदेश पाठवून मोठी लांबी सांगे, आणि संदेश तोडून तुकड्या-तुकड्याने देई. खोटारड्याला उत्तरात त्याचाच मजकूर परत मिळाला तर ऋषिकेश बरोबर. दुसऱ्याचं काही मिळालं तर ती.

खोटारड्याला काहीच मिळेना. तिने संदेश मधे तोडला, शेवटी तोडला, तीन तुकडे केले. लायब्ररी दर वेळी चूक ओळखून जोडणी बंद करी, अगदी शहाण्यासारखी. तिसऱ्या दिवशी दुपारी ती लॅपटॉप मिटून गच्चीवर गेली. खाली रस्त्यावर कापसाच्या गाड्या बाजाराकडे चालल्या होत्या. तिच्या मनात आलं की ऋषिकेशच बरोबर असेल. महिनोन्‌महिने त्याने केलेलं काम आपण अडवलं, सगळ्यांसमोर अडवलं, आणि त्यात आपल्याला थोडी मजाही आली. असं असेल तर तेही सगळ्यांसमोर लिहावं लागेल. ती लिहिणार होती. त्याची तिला भीती वाटली नाही. वाईट मात्र वाटलं.

खाली येऊन तिने तीच फाइल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. संदेशाची लांबी दोन बाइटमध्ये, म्हणजे शेजारशेजारच्या दोन घरांत, लिहिलेली असते. योगिनी आतापर्यंत संदेश त्या दोन बाइटनंतर कुठेतरी तोडत होती. त्या दोहोंच्या बरोबर मधे तोडला तर? लांबीचा एक बाइट आधी, दुसरा थोड्या वेळाने. ऋषिकेशने वर हलवलेली तपासणी तेव्हा अर्धी लांबी पाहून पुढे जाऊ देईल, आणि पूर्ण लांबी कळेल तोवर तपासणारं तिथे कोणी नसेल.

तिने एक आकडा बदलला आणि चालवून पाहिलं. खोटारड्याला उत्तर आलं. सुरुवातीला त्याचे स्वतःचे शब्द, मग काही निरर्थक चिन्हं, आणि मग आईचा फोन नंबर.

आनंद व्हायला हवा होता. तिने पुन्हा चालवलं, आणखी एकदा चालवलं. दर वेळी नंबर आला. ही लायब्ररी पंपांत होती, विजेच्या मीटरांत होती, कुठे कुठे दवाखान्यांतही होती. तिने चाचणी नीट लिहून काढली आणि पाठवायच्या बटणावर येऊन ती थांबली. मग फोन उचलून ऋषिकेशला लावला.

"निंगालं," ती म्हणाली. "लांबीच्या दोन बाइटच्या मधोमध तोडला तं दुसऱ्याचा डेटा भाईर येते."

त्याने आधी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "पाठव."

तिने पाठवलं. त्याचा फोन बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याचा आवाज अगदी खाली गेलेला होता. "मी सगळं करून पाह्यलं. ती तपासनी जाग्यावर ठेवली तं वेग पयल्याइतकाच होते. काईच उरत नाई."

"तू मागं घे. तू घेतला तं मी हे टाकत नाई. कोनाले कळायचं कारन नाई."

"नाई," तो म्हणाला. "टाक तू. तुह्या नावानं टाक."

तिने टाकलं. काही वेळाने त्याखाली त्याची ओळ आली. योगिनी बरोबर आहे, चूक माझी आहे, मी बदल मागे घेतो. एरकीने आपण होकार दिला होता याबद्दल माफी मागितली. विकाससरांनी काहीच लिहिलं नाही.

योगिनी आणखी एक दिवस राहिली, चाचणी लायब्ररीत कायमची बसवून दिली आणि निघाली. येते म्हणून तिने चतुराबाईंना फोन केला होता. ऋषिकेशला केला नव्हता. वाशीमहून येणारी गाडी अनसिंगच्या स्टँडवर थांबली तेव्हा तो मोटरसायकलला टेकून उभा होता. त्याने तिची पिशवी घेऊन पुढे टाकीवर ठेवली.

"टीम दुसऱ्याले देल्ली सरांनी," गाडी सुरू करायच्या आधी तो म्हणाला.

"मी माफी मांगनार नाई, ऋषी."

"मांगू नको." त्याने किल्ली फिरवली. "राग हाय मले. जाईल तवा जाईल."

ती मागे बसली. स्टँडवरून घरी जायला शाळेच्या मागून एक मोकळा रस्ता होता आणि कोणी बघू नये असं वाटलं की गावातली माणसं तोच धरत. ऋषिकेशने गाडी त्या रस्त्याला वळवली नाही. तो सरळ बाजारात शिरला. बाजाराचा दिवस होता. गर्दीत गाडी पायी चालल्यासारखी चालली होती, आणि दोन्ही बाजूंनी ओळखीचे चेहरे वळून पाहत होते. योगिनीने ओढणी सारखी केली नाही की मान खाली घातली नाही. तिने सगळ्यांकडे पाहिलं.

भाजीच्या ओळीशी त्याने गाडी थांबवली. हिरीबाई त्यांच्याच गल्लीतली, तुरीच्या हिरव्या शेंगांचा ढीग घेऊन बसली होती. समाचाराला येऊन बसणाऱ्यांत तीही होती. तिने आधी योगिनीकडे, मग ऋषिकेशकडे पाहिलं.

"आनली का बाप्पा समजूत घालून माहेरून?"

ऋषिकेश ढिगापाशी उकिडवा बसला आणि शेंगा निवडू लागला.

"कामावरून आली ते," तो म्हणाला. "किलोभर तोल."

हिरीबाईने तराजू उचलला. ऋषिकेशने पिशवीचं तोंड उघडून धरलं, पण ती एका हाताने नीट उघडी राहीना, म्हणून दुसरी बाजू योगिनीने धरली.